रोपवन नको, जंगल पाहिजे

(कोंढा इथं पावसाळ्याच्या तोंडावर आजूबाजूच्या गावांची बैठक झाली. त्या बैठकीत एका गावच्या वनहक्क समितीतल्या बाईनं केलेलं हे भाषण. बोलणं होतं तसंच ठेवलं आहे, फक्त मधली प्रश्नोत्तरं काढली आहेत. ज्या गावात वाचणारे कमी आहेत तिथं समितीनं हे ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावं.)

 

बायांनो, भावांनो, रोहिणी संपत आल्या. चार दिवसांत मृग लागेल. घरोघरी पऱ्हे टाकायची घाई आहे. तरी तुम्ही आपली कामं सोडून इथं आलात, म्हणून मी फालतू बोलणार नाही. या पावसाळ्यात झाडं लावायची का, कुठं लावायची आणि कोणाच्या सांगण्यावरून लावायची, एवढंच बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, झाडं लावायची यात विचारायचं काय? झाड लावणं चांगलंच काम आहे. मीही तसंच म्हणत होते. आमच्या गावचं काय झालं ते आधी सांगते.

आमच्या गावच्या वरच्या अंगाला माळ आहे. तिथं गावची गुरं चरतात. पावसाळ्यात बाया तरोटा खुडतात, सात्या शोधतात. माळाच्या कडेला तीन घरच्या लोकांची वहिती आहे, आजोबाच्या वेळची. त्यांचे वनहक्काचे दावे भरलेले होते, निकाल यायचा होता. एका पावसाळ्यात गाडी आली, रोपं आली, तार आली. खड्डे खोदायला माणसं पाहिजे म्हणाले. मजुरी रोख. आम्ही गेलो. मी गेले, माझी जाऊ गेली. ज्या तीन घरांची ती जमीन, त्या घरच्या सुनाही गेल्या. त्या महिन्यात कोणाच्याच घरी पैसा नव्हता. आमच्याच हातानं आम्ही आमच्याच जमिनीत खड्डे खोदले बापा! कोणी जबरदस्ती केली नाही. कोणी ग्रामसभेला विचारलंही नाही, आणि आम्हीही विचारलं नाही की हे कोणत्या ठरावानं चाललं आहे.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रोपं वाळली. तार राहिली, पाटी राहिली. गुरं आत गेली की भांडण. आणि दाव्याची पाहणी करायला माणसं आली, तेव्हा कागदावर त्या जागेचं नाव रोपवन झालं होतं. त्या तीन घरचे लोक अजून खेटे घालून राहिले आहेत.

म्हणून मी म्हणते, खड्डा खोदायच्या आधी विचारा, हा खड्डा कोणाच्या जमिनीत आहे आणि कोणाच्या ठरावानं आहे.

हे एका गावापुरतं नाही. २०१६ च्या १ जुलैला राज्यभर एका दिवसात २ कोटी झाडं लावायची मोहीम निघाली. मग २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी, असे आकडे ठरत गेले. एवढी झाडं लावायला जागा लागते. शहरात जागा नाही, शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर नाही. मग जागा कुठं दिसते? गावाच्या माळावर, गायरानावर, आणि ज्याचा दावा अडकून पडला आहे अशा माणसाच्या वहितीवर. दुसरं, कुठं खाण निघाली, धरण झालं, जंगल तुटलं, तर त्याच्या बदल्यात दुसरीकडं झाडं लावायची म्हणून पैसा जमा होतो. त्या पैशासाठी २०१६ साली केंद्र सरकारनं वेगळा कायदा केला. त्या कायद्यात ग्रामसभेची संमती सक्तीची केली नाही, म्हणून देशभरच्या आदिवासी संघटनांनी विरोध केला. एकीकडं जंगल तुटते, आणि त्याच्या बदल्याचं झाड भलत्याच गावच्या चराईत लागते.

म्हाताऱ्या लोकांना आणखी जुनी गोष्ट आठवत असेल. १९७४ साली राज्याचं वनविकास महामंडळ निघालं. आपल्या या पूर्व विदर्भात किती ठिकाणी मिसळ जंगल तोडून तिथं एकट्या सागाची लागवड झाली, ते तुम्ही डोळ्यानं पाहिलं आहे. साग वाईट झाड नाही. पण नुसत्या सागाच्या रानात मोह वेचता येत नाही, चार मिळत नाही, तेंदू नाही, वास्ते नाहीत. गुरांना पाला नाही. अस्वलाला फळ नाही. झाडं आहेत, ओळीनं उभी आहेत, पण ते जंगल नाही. जंगल म्हणजे त्यात पोट भरते ते. आपलंही, जनावराचंही.

आता कायदा काय म्हणते ते ऐका. वनहक्क कायदा २००६ चा. नियम २००८ चे, आणि २०१२ ला त्यात सुधारणा झाली. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली. कलम ४ चं पोटकलम ५. जोपर्यंत दाव्याची पडताळणी आणि हक्क मान्य करायचं काम पूर्ण होत नाही, तोपर्यंत वहितीवरून कोणाला काढता येत नाही. तार मारून, खड्डे खोदून माणसाला बाहेर ठेवणं हे काढणंच झालं. तसं लेखी लिहून द्या, आणि पोच घ्या. तोंडी सांगणं वाऱ्यावर जाते.

दुसरी. कलम ३ मध्ये सामूहिक हक्क दिले आहेत. गौण वनउपज, चराई, पाण्यातले मासे आणि इतर उपज. आणि ज्या जंगलाचं रक्षण गाव पिढ्यान्‌पिढ्या करत आलं, ते राखायचा, पुन्हा वाढवायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क. पुन्हा वाढवायचा, हे कायद्यातच लिहिलं आहे. म्हणजे उजाड जंगल पुन्हा उभं करणं ही कोणाची मेहरबानी नाही. तो ग्रामसभेचा हक्क आहे.

तिसरी. कलम ५. यात हक्कासोबत जबाबदारी दिली आहे. जंगल, जनावर, पाण्याचे झरे, पाणलोट यांची राखण ग्रामसभेनं करायची. ग्रामसभेनं ठरवलेला नियम पाळला जाईल हे पाहायचं. त्यासाठी नियम ४ प्रमाणे समिती नेमायची, आराखडा करायचा.

आपण दुसरी गोष्ट फार बोलतो. तिसरी बोलत नाही. आज मला तिसरीवर बोलायचं आहे, कारण तिथं आपण कमी पडतो.

दुसऱ्या गावांनी काय केलं ते पाहा. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ ला त्यांना सुमारे हजार हेक्टरचा सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकून ग्रामसभेनं रोजगार उभा केला. पण त्यांनी एक मोठी गोष्ट केली. तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. काहून? तर पत्त्यासाठी फांद्या छाटतात, आग लावतात, आणि तेंदूचं फळ हाती लागत नाही. पैसा समोर दिसत असून त्यांनी सोडला. जंगलाचा एक भाग तोडीसाठी बंदच ठेवला.

अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर आहे, कोरकू लोकांचं गाव. त्यांना २०१२ ला हक्क मिळाला तेव्हा जंगल जवळजवळ उघडं झालं होतं. लोकांनी राखण बसवली, रोजगार हमीतून चर खोदले, झाडं लावली. आधीपासून असलेली सीताफळं राखली. दोन वर्षांत ती सीताफळं मुंबईच्या बाजारापर्यंत गेली, आणि २०१४ ला गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रोजगार हमीचं काम त्यांनीही केलं, पैसे घेतले. फरक एवढाच की कुठं आणि काय लावायचं ते ग्रामसभेनं ठरवलं. मजुरी घेणं वाईट नाही. मजुरीच्या बदल्यात ठरवायचा अधिकार देऊन टाकणं वाईट.

जवळचं उदाहरण अर्जुनी मोरगावचं. १९९९ पर्यंत तो भाग आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता. तिथं ढिवर भावांनी तलाव पुन्हा जिवंत केले. निमगावचे पतिराम तुमसरे आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी मिळून ते काम केलं. आपले तलाव कसे झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. गोंड राजांच्या वेळी कोहळी लोकांनी बांधले. वर जंगल, मधे तलाव, खाली धानाच्या बांध्या. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं गेले. पाळीची, तुडुमाची डागडुजी कोणाचीच राहिली नाही. बेशरम माजली. ठेक्यात बाहेरचे मासे सोडले. त्यात पाण्यातलं गवत खाणारे आले, तळ उकरणारे आले. गवत गेलं तर आपल्या गावठी माशांना अंडी घालायला जागा राहिली नाही, पाखरांना खायला राहिलं नाही.

त्या लोकांनी काय केलं? उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम मुळासकट उपटली. तलावाचा कडक झालेला तळ नांगरला. मग दुसऱ्या चांगल्या तलावातून पाण्यातल्या वनस्पती आणल्या आणि पावसाच्या पाण्यात चिखलात लावल्या. आपण बांधीत रोवणी करतो तशी तलावात रोवणी! पाण्याखालचं गवत, तरंगणारी पानं, काठाचं देवधान, ज्याची त्याची जागा पाहून लावलं. गवत आलं तसे मासे आले, पाखरं आली. झाड म्हणजे फक्त खोड असलेलं असं समजू नका. पाण्यातलंही जंगल असते.

आणि एक बाहेरच्या देशाची गोष्ट. आफ्रिकेत केनिया म्हणून देश आहे. तिथं वंगारी मथाई नावाच्या बाईनं १९७७ पासून खेड्यातल्या बायांना घेऊन झाडं लावायला सुरुवात केली. बायाच बी गोळा करत, बायाच रोपं करत. पुढं नैरोबी शहराजवळचं करुरा नावाचं सरकारी जंगल बिल्डर लोकांना वाटून टाकणं चालू झालं. १९९९ साली ही बाई लोकांना घेऊन तिथं रोप लावायला गेली. गुंडांनी मारलं, डोकं फुटलं. पण ते जंगल वाचलं. आज लोक तिथं फिरायला जातात. तिला २००४ ला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. रोप लावून जमीन घेता येते, तसं रोप लावून जमीन वाचवताही येते. कोण लावते यावर आहे.

आता कामाचं बोलते. श्रमदानानं उजाड जागा पुन्हा उभी करायची असेल तर कसं करायचं.

पहिलं काम लावणं नाही, राखणं आहे. आपल्या माळावर जाऊन नीट पाहा. ऐन, धावडा, तेंदू, पळस यांचे खुंट जमिनीत जिवंत आहेत. दर पावसाळ्यात फुटतात, आणि दर उन्हाळ्यात आगीत जळतात, नाहीतर शेळी खाते. त्याच्या खाली जुनं मूळ आहे, खोल गेलेलं. नर्सरीतल्या पिशवीतल्या रोपाला तेवढं मूळ करायला किती वर्षं लागतील! म्हणून माळाचा एक तुकडा निवडा, तीन वर्षं तिथं आग आणि चराई बंद करा. एका खुंटाला दहा फुटवे असतील तर जोमदार एक-दोन ठेवा, बाकी छाटा. छाटलेलं जळणाला होते. याला एक रुपया लागत नाही.

दुसरं, पाणी. उतारावर समपातळी चर आणि नाल्यात दगडांचे बांध. माती थांबली की बी थांबते. वरच्या जंगलात पाणी मुरलं की खालच्या बोडीला आणि विहिरीला लागते.

तिसरं, रायमुनिया. ती वरून कापली तर दुप्पट फुटते. बुडाच्या जरा खाली, मातीतलं मुख्य मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा, म्हणजे पुन्हा रुजत नाही. फळं पिकायच्या आधी हे करा. मोकळ्या जागेत लगेच गवताचं बी टाका, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तीच येईल. बेशरमीचंही तसंच. तुकडा ओल्यात पडला की रुजते, म्हणून काठापासून दूर नेऊन वाळवा.

चौथं, जिथं खुंट नाहीत, बी पडायला जवळ मोठं झाड नाही, तिथंच लावा. आणि आपलं बी लावा. मोहाची टोळ आता पडून राहिली आहे. ती फार दिवस टिकत नाही, महिनाभर घरात ठेवली तर रुजणार नाही. सगळी टोळ तेलाला नेऊ नका, घरटी एक पायली बाजूला ठेवा आणि ताजी असतानाच मातीत घाला. चार, बेहडा, हिरडा, आवळा, बिबा यांचं बी वेचून ठेवा. कोणत्या झाडाचं बी चांगलं ते म्हाताऱ्या बायांना विचारा. ज्या मोहाची फुलं गोड आणि भरपूर, त्याचीच टोळ घ्या. बी पेरणारं आणखी कोण आहे ठाऊक आहे? अस्वल. ते फळं खाते आणि मैलभर दूर बी टाकते. त्याच्यासाठी वाट मोकळी ठेवा, तुमचं अर्धं काम ते करेल. पण पहाटे एकटी बाई मोह वेचायला जाऊ नये, हेही सांगून ठेवते.

पाचवं, नोंद. कोणत्या दिवशी किती माणसं आली, काय काम झालं, वहीत लिहा आणि सह्या, अंगठे घ्या. उद्या उपविभागीय समितीपुढं कोणी विचारलं की हे जंगल तुम्ही राखता याचा पुरावा काय, तर ही वही ठेवता येईल.

आता कडू बोलते. राग मानू नका.

मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला आपणच जाळतो. ती आग झाडाखाली थांबत नाही. तेंदूला नवा पाला यावा म्हणून आग लावतात, त्यात आपलेही लोक असतात. दुसऱ्यावर बोट दाखवण्याआधी हे कबूल करू. पाला झाडून एका बाजूला गोळा करता येते. एका झाडाला अर्धा तास लागते, जास्त नाही. आम्ही या उन्हाळ्यात आठ घरच्या बायांनी करून पाहिलं. दोन घरी ऐकलं नाही. त्यांच्याशी भांडण झालं, अजून धुसफूस आहे. पण आमच्या बाजूचा तुकडा यंदा जळला नाही.

दुसरं, चराई बंद म्हटलं की शेळीवाल्याचा जीव जाते. त्याचं बरोबर आहे. ज्याच्याकडं बांधी नाही त्याचं घर शेळीवर चालते. म्हणून सगळा माळ एकदम बंद करू नका. तुकडा बंद, बाकी मोकळा, आणि बंद तुकड्यातलं गवत पहिल्यांदा शेळीवाल्याला कापून न्यायला द्या. गरिबाच्या पोटावर पाय देऊन जंगल उभं केलं तर आपल्यात आणि त्या तारवाल्यांत फरक काय राहिला?

तिसरं, ढिवर, गोवारी, कुणबी घरं आपल्या गावात आहेत. जे आदिवासी नाहीत त्यांना कायद्यात तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागते. त्यांचा दावा अडला तर आपण गप्प बसतो. तलावाची रोवणी ढिवरांशिवाय होईल का? गाव एक राहिलं तर हक्क टिकेल.

कधी शहरातली पोरं येतात, संस्था येतात. म्हणतात, आम्ही रविवारी येऊन झाडं लावून देतो. मन चांगलं असते, त्यांना हाकलू नका. पुण्या-मुंबईचे लोकही आपल्या टेकड्यांवर हेच करतात. पण आधी त्यांना ग्रामसभेत बसवा. आमची जागा ही, आमची झाडं ही, एवढं सांगा. फोटो काढून रोप सोडून जाऊ नका, उन्हाळ्यात आगीच्या वेळी एकदा या, असंही सांगा. जो फेब्रुवारी-मार्चमध्ये जाळरेषा काढायला येईल तो खरा.

आता ठरावाचं. मी चार गोष्टी मांडते. आपापल्या गावी जाऊन ग्रामसभेत वाचा, बदलायच्या असतील तर बदला.

एक. ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय गावच्या हद्दीत कोणीही झाडं लावायचे खड्डे खोदणार नाही, आणि गावातला कोणीही त्या कामावर जाणार नाही. दावा असलेल्या वहितीत तर नाहीच.

दोन. प्रत्येक गाव माळाचा किंवा जंगलाचा एक तुकडा निवडेल. घरटी एक माणूस आठवड्यातून एक दिवस श्रमदान करेल. रोवणीचे दिवस सोडून.

तीन. पुढच्या उन्हाळ्यात मोहाखाली आग नाही. बाया गट करून पाला झाडतील. ज्या घरी म्हातारी एकटी आहे तिच्या झाडाखालचा पाला गट झाडेल.

चार. ज्यांचा सामूहिक दावा अजून भरला नाही ते दिवाळीच्या आत भरतील. ज्यांचा अडला आहे ते काय अडलं ते लेखी मागतील.

पहिल्या ठरावानं मजुरी बुडेल, हे मला ठाऊक आहे. मीही त्या मजुरीवर गेलेली बाई आहे. म्हणून ठरावासोबतच रोजगार हमीत कामाची मागणी करा, सगळ्यांनी एकाच दिवशी, नमुना भरून, पोच घेऊन. काम आपल्याच तुकड्यावरच्या चरांचं मागा. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे हक्क मिळाल्यावर सरकारच्या योजनांचा आधार द्यायचा आहे. ते मागायला लाजायचं काहून?

आमच्या त्या माळावर यंदा मी गेले होते. तारेच्या आत लावलेल्या रोपांत एकही जिवंत नाही. पण तिथल्याच एका जुन्या धावड्याच्या खुंटाला कमरेएवढे फुटवे आले आहेत. ते कोणीच लावलं नव्हतं. तिथूनच सुरुवात करू.

जोहार. जय सेवा.